जुन्या बुलेटचा कॉम्प्रेशन रेशो : सहावीच्या गुणोत्तराचा एक पाठ



गुणोत्तर शिकवताना आपण बहुतेक वेळा आंबे-पेरू आणि मुलं-मुली यांच्यापुढे जात नाही. आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या मुलांसाठी याहून जिवंत उदाहरण पडवीत ताडपत्रीखाली उभं असतं. जुनी बुलेट पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की इंजिन खोललं जातं, आणि मग प्रश्न येतो, "कॉम्प्रेशन किती ठेवायचं?" याचं उत्तर गुणोत्तरातच द्यावं लागतं. ते चुकलं तर पिस्टन जळतो.

आधी वर्गातला प्रयोग करूया. सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज घ्या. दट्ट्या 20 वर ओढा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या 10 पर्यंत दाबा. आता मुलांना गुणोत्तर विचारा. बरीच मुलं सांगतील, "सरकली 10, उरली 10, म्हणजे 10:10." मग विचारायचं, "म्हणजे 1:1? मग हवा दाबलीच गेली नाही का?" इथे वर्ग शांत होतो. खरं गुणोत्तर आधीची पूर्ण जागा आणि नंतर उरलेली जागा यांचं, म्हणजे 20:10 किंवा 2:1. उरलेली जागा पहिल्या संख्येतही मोजायची असते. पाठाचा जीव एवढ्यातच आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

आता बुलेट. 350 म्हणतात त्या जुन्या इंजिनाचा बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक 90 मिमी. वृत्तचितीच्या सूत्राने पिस्टन सरकतो ती जागा 346.4 सीसी येते. (सूत्र वरच्या वर्गात येतं, सहावीला संख्या तयार द्यावी.) पिस्टन अगदी वर आल्यावर हेडमध्ये उरते ती जागा समजा 63 सीसी आहे. मग 346.4 + 63 = 409.4, भागिले 63, म्हणजे 6.5. रेशो 6.5:1.

समजा आपल्याला 7.5 हवाय. घाईत कुणी 346.4 ला 7.5 ने भागलं, तर 46.2 सीसी येतात. तेवढी जागा ठेवली तर प्रत्यक्षात रेशो होतो 8.5! सिरिंजवाली तीच चूक, पूर्ण एकाचा फरक. बरोबर रीत म्हणजे 6.5 ने भागायचं, उत्तर 53.3 सीसी. 46 आणि 53 मध्ये फक्त 7 सीसी, दीड चमचा. पण लेथवर घासून कमी केलेलं धातू परत येत नाही.

मग किती ठेवावा? रेशो वाढला की त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. आदर्श इंजिनाच्या सूत्राने 6.5 वरून 7.5 वर गेलं तर सुमारे 5 टक्के फायदा, 7.5 वरून 8.5 वर सुमारे 4 टक्के. प्रत्यक्षात त्याहून कमीच. फायदा आटत जातो आणि धोका मात्र वाढत जातो. जास्त दाबलं गेलेलं मिश्रण तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच त्याचा उरलेला भाग आपोआप पेटतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. गाडी चढाला टिकटिक ठोकते ती हीच. पेट्रोल हे किती सोसतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो.

1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हाचं पेट्रोल आजच्याइतकं सोसणारं नव्हतं, म्हणून त्या काळी रेशो कमी ठेवत. पुढे ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते 2000 साली देशभर बंद झालं. आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने ऑक्टेन वाढतो खरा, पण जुन्या रबरी नळ्या खराब होतात आणि कार्बोरेटर जुन्याच सेटिंगवर असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. तेव्हा "आता पेट्रोल चांगलंय, वाढवा रेशो" हे मला अर्धवट वाटतं.

कोणी म्हणेल, नंतरच्या 350 यूसीई बुलेटला 8.5 चालतो की. पण तिचं इग्निशन इलेक्ट्रॉनिक आहे. आपल्या जुनीला पॉइंट्स आहेत आणि बीडाचा सिलेंडर आहे, जो उष्णता ॲल्युमिनियमइतक्या लवकर सोडत नाही. महाडकडून वरंधा घाट चढताना, किंवा पाबे घाटात मागे माणूस बसवून, वेग कमी, थ्रॉटल मोठा आणि वारा नावाला. रेशोची परीक्षा तिथे होते, पुणे-सातारा रस्त्याच्या सपाटीला नाही. म्हणून रोजच्या वापराच्या जुन्या बुलेटला मी 7 ते 7.5 च्या पुढे जाऊ नये म्हणेन. किक मारणाऱ्याच्या गुडघ्यालाही तेच बरं.

एक बारकावा राहिला. रिबोअर करून 0.5 मिमी मोठा पिस्टन बसवला तर 346.4 चे 351.3 सीसी होतात. हेडची जागा तीच 63 असली, तरी रेशो आपोआप 6.58 होतो. म्हणून बोअर झाल्यावर हिशेब नव्याने करायचा. हेडची जागा अंदाजाने धरू नये. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि सिरिंजने पातळ तेल भरत मोजायचं. पिस्टनचा माथा फुगीर असेल तर तेवढी जागा वजा होते, हेड पॅकिंगची मिळवायची. मुलांकडून हेच वाटी आणि पाण्यावर करून घ्या.

शेवटी फळ्यावर हे गणित द्या. रेशो 7.5 आहे, पण गाडी घाटात ठोकते. 1 मिमी जास्त जाडीचं पॅकिंग टाकलं तर 3.85 सीसी जागा वाढते. नवा रेशो किती? 53.3 चे 57.15 होतात आणि उत्तर येतं जवळपास 7.06. ज्याला 6.06 येईल, त्याच्या हातात पुन्हा सिरिंज द्या.