पिशवी काढली, मग खडा आला कुठून?

प्रश्न : आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते, म्हणून तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीने पिशवीच काढली. आता अधूनमधून उजव्या बरगडीखाली कळ येते. परवा हुडहुडी भरून ताप आला, डोळेही पिवळे दिसले. पिशवीच नाही, तर खडा कुठून होणार? शेजारी म्हणतात, काविळीचा झाडपाला द्या.
– एक वाचक, देवणी (जि. लातूर)

उत्तर : झाडपाला नको आणि वाटही बघू नका. कळ, थंडीताप आणि कावीळ एकत्र आली, की पित्तनळी तुंबून आत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. तो रक्तात भिनला तर माणूस काही तासांत अत्यवस्थ होतो. ताप उतरला असला तरी आजच उदगीर किंवा लातूर गाठा. जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. सापडलं नाही तर त्यापायी थांबू नका.

आता खड्याचं. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पिशवी म्हणजे नुसती साठवण, तीही जेमतेम 30 ते 50 मिलिलिटरची. माळेगावच्या यात्रेतल्या घोड्यांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. (तुमच्या देवणी गाईला मात्र असते.) पिशवी गेली तरी यकृतापासून आतड्यापर्यंतची नळी राहतेच. ऑपरेशनआधीच एखादा खडा घरंगळून तिच्यात गेला असेल, तर तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. नळीत नवा खडाही धरतो. पिशवीचा देठ लांब राहिला असेल तर त्यातही. आणि ऑपरेशनच्या वेळी नळीला इजा झाली असेल, तर ती हळूहळू आकसत जाते. कावीळ दिसते ती महिन्यांनी, कधी वर्षांनी.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीने पिशवी काढण्याची ही पद्धत भारतात आणली. तेव्हापासून पोटावरचे टाके लहान झाले, आतलं काम मात्र तेवढंच नाजूक राहिलं.

रक्ततपासणी आणि सोनोग्राफी आधी होईल. नळीचं खालचं टोक सोनोग्राफीत वायूमुळे बरेचदा झाकलं जातं, म्हणून पुढे एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय सांगतील. ऑपरेशनच्या वेळी लावलेल्या क्लिपा पोटात आहेत म्हणून घाबरू नका. त्या बहुधा टिटॅनियमच्या असतात, चुंबक त्यांना ओढत नाही. तरी तंत्रज्ञाच्या कानावर घाला. खडा निघाला तर ईआरसीपी करतात : तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड जरासं कापायचं आणि खडा ओढून घ्यायचा. पोटावर चिरा नाही. ही सोय सगळीकडे नसते, पुढे पाठवलं तर फोनवर विचारून निघा.

पिशवी काढल्यानंतर तेलकट खाल्ल्यावर होणारे जुलाब बहुतेकांचे आपोआप कमी होतात. खोकताना बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो, तोही दाखवा.

आणखी एक. काढलेले खडे बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवणारी घरं पुष्कळ आहेत. पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट मात्र आणलेलाच नसतो. खड्यांच्या आड क्वचित कर्करोग दडलेला निघतो. आईंचा रिपोर्ट पाहिला नसेल, तर ऑपरेशन झालं त्या रुग्णालयातून मागवून घ्या.