कोरडा कट मारू नका

फरशीच्या कामात नवीन आलेला मुलगा चार इंची ब्लेड पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा तो तिची धार शोधतो. धार सापडत नाही. बंद मशीनच्या ब्लेडवरून बोट फिरवलं तर नुसती खरखर लागते. त्या कडेत अर्ध्या मिलिमीटरहून लहान असे हिऱ्याचे कण असतात. धातूची भुकटी दाबून आणि तापवून त्यात ते पक्के बसवलेले असतात. मशीन मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते, म्हणजे ब्लेडची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने दगडावरून जाते. दगड कापला जातोय असं आपल्याला दिसतं. खरं तर त्या फटीतला सगळा दगड दळून निघतो.

वीसेक वर्षं मी हे काम केलं. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ओटे बसवले, जिने केले, खिडक्यांच्या पट्ट्या केल्या, पार्किंगमध्ये ग्रॅनाइटचं मोल्डिंग केलं. आता मी कटर हातात धरत नाही. मला सिलिकोसिस आहे. फुप्फुसाचा जो भाग दगडाच्या धुळीने घट्ट झाला तो परत मोकळा होत नाही आणि तो मोकळा करणारं औषध आजमितीला नाही. हे लिहितोय ते आज सकाळी कोणत्या तरी नव्या इमारतीत, खिडकी लावलेल्या स्वयंपाकघरात, सिंकचं भोक पाडायला बसलेल्या माणसासाठी.

त्या सिंकचाच हिशोब करू. चोवीस बाय अठरा इंचांचं भोक. चारही बाजू मिळून कट साधारण 2.1 मीटर लांब होतो. दगड 18 मिलिमीटर जाड, ब्लेडची फट 2 मिलिमीटर. म्हणजे 75 घन सेंटिमीटरच्या आसपास दगड नाहीसा झाला. ग्रॅनाइटचं वजन धरलं तर जवळजवळ 200 ग्रॅम. हे 200 ग्रॅम गेले कुठे? जमिनीवर, केसांत, भुवयांवर आणि हवेत. साध्या ग्रॅनाइटमध्ये तिसऱ्या हिश्शाच्या आसपास क्वार्ट्झ असतं, म्हणजे शुद्ध स्फटिक सिलिका. तर एका सिंकमागे 60 ग्रॅम सिलिका.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत श्वासातून आत जाण्याइतक्या बारीक सिलिकेचं प्रमाण सरासरी एका घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आठ बाय दहाचं, दहा फूट उंच स्वयंपाकघर धरा. त्यात सुमारे साडेबावीस घनमीटर हवा मावते. त्या अख्ख्या खोलीत तरंगणारी बारीक सिलिका एक मिलिग्रॅमच्या थोडी वर गेली की मर्यादा संपली. 60 ग्रॅममधला साठ हजारावा भाग म्हणजे एक मिलिग्रॅम. बाकीची सगळी खाली बसली असं मानलं, तरी तेवढा एक भाग हवेत राहायला कोणत्याही कोरड्या कटला जड जात नाही. हा हिशोब मला कामाच्या पहिल्या वर्षी कोणी समजावून दिला असता तर किती बरं झालं असतं, हे मी आजही स्वतःशी म्हणतो.

धूळ दिसते म्हणून आपण तिला घाबरतो, पण जी दिसते ती नाकात अडकते, खाकरून बाहेर येते. घात करते ती न दिसणारी, मायक्रोनमध्ये मोजायची, तीन-चार मायक्रोनची. ती थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जाते. तिथल्या पांढऱ्या पेशी तिला गिळतात आणि स्वतः मरतात, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक वेळी थोडा व्रण पडतो. अशा व्रणांच्या गाठी वर्षानुवर्षं साठत जातात. बहुतेकांना दहा-पंधरा वर्षांनी त्रास सुरू होतो. धूळ फार दाट असेल तर पाच वर्षांतही होतो. धूळ थांबली तरी आजार कधी कधी पुढे सरकत राहतो. ताज्या फुटलेल्या दगडाची धूळ जुन्या बसलेल्या धुळीपेक्षा जास्त घातक असते, आणि आपली धूळ तर नेहमी ताजीच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये अशा सिलिकेला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

दगडाच्या धुळीने माणसं मरतात हे आपल्या देशात काही नवीन नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार आणि गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कारागीर यांच्या छातीचा अभ्यास डॉक्टरांनी कित्येक दशकांपूर्वी केला आहे. पण ते एका गावाचे, एका धंद्याचे आजार होते. आमच्या धंद्यात ही धूळ घराघरांत आली, आणि ती आली स्वस्त हिऱ्यामुळे.

खाणीतला हिरा होता तोवर तो जपून वापरायचं हत्यार होतं. औद्योगिक कामाचा हिरा बराचसा काँगोतून यायचा. स्वीडनमधल्या एका कंपनीने 1953 मध्ये हिरा तयार केला, पण जाहीर केला नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी 16 डिसेंबर 1954 रोजी ग्रॅफाइटपासून हिरा केला आणि 1955 च्या फेब्रुवारीत जगाला ते कळलं. वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब, चौदा-पंधराशे अंश तापमान, आणि कार्बन विरघळवायला वितळलेलं लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट. आज उद्योगात लागणारा जवळजवळ सगळा हिरा असाच होतो आणि त्याचा फार मोठा वाटा चीनच्या हेनान प्रांतातून येतो. म्हणूनच हार्डवेअरच्या दुकानात हिऱ्याची ब्लेड काही शे रुपयांत मिळते. पूर्वी छिन्नी-हातोडीने जे दोन माणसं दिवसभर करायची ते एक मुलगा आता तासाभरात करतो. हिऱ्याचा मी ऋणी आहे. त्याने आमच्या पाठी वाचवल्या, पोटं भरली. पण कारखान्यात, पाण्याच्या धारेखाली चालायचं काम त्याने बंद खोलीत आणलं, आणि पाणी मात्र कारखान्यातच राहिलं.

माझा खोकला सुरू झाला तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून क्षयाची औषधं दिली. बेडक्यात जंतू कधीच सापडले नाहीत. महिने गेले, वजन उतरलं, दम वाढला. मग सरकारी रुग्णालयातल्या छातीच्या विभागात एका तरुण डॉक्टर मॅडमनी मला पहिल्यांदा विचारलं, ‘काका, काम काय करता? कोरडं कापता का ओलं?’ त्यांनी सीटी स्कॅन काढला, फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी केली. वरच्या भागात गाठीच गाठी. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती प्रत्येक मिस्त्रीने लक्षात ठेवावी. सिलिकोसिस झालेल्याला पुढे खरा क्षय होण्याचा धोकाही इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तेव्हा जंतू सापडले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि सापडले तर क्षयाचं औषध अर्धवट सोडू नका.

आता कामाचं बोलतो.

कट मारायची जागा बदलणं ही पहिली गोष्ट, आणि तीच सगळ्यात मोठी. पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा करून माप घ्या आणि सिंक, शेगडी, नळाची भोकं दगडाच्या कारखान्यात पाण्याखालच्या मोठ्या कटरवर पाडून घ्या. भिंत गुण्यात नसते, साइटवर थोडं घासावंच लागतं, हे मला माहीत आहे. पण घासायला राहील तो अर्धा-पाव इंच. तो खाली अंगणात, वारा पाठीकडून येईल असं बसून, पाणी सोडून घासता येतो. साच्याला अर्धा दिवस जास्त जातो. मालकाला तो सांगा, बिलात लावा.

पाणी कटच्या तोंडावर सलग पडलं पाहिजे. दगड आधी भिजवून घेतला की झालं, असं बरेच जण समजतात. तो ओलावा पहिल्या दोन इंचांत संपतो. झाकणाला भोक पाडलेली बाटली हातात धरून हेल्पर उभा राहतो ती आपली जुनी पद्धत काहीच नसण्यापेक्षा बरी, पण हेल्परचं लक्ष फोनकडे गेलं की धुरळा उठतो. शिवाय साध्या मशीनवर पाणी उडालं तर मोटारीत जातं आणि शॉक बसतो. पाण्याची नळी जोडलेलं, ओल्या कामासाठीच बनवलेलं कटर घ्या, आणि वायर 30 मिलिअँपिअरच्या गळती-रोधक स्विचमधून घ्या. हा स्विच नसेल त्या साइटवर मी मुलांना ओलं काम सुरू करू देत नाही. पाण्याचा दुसरा फायदा पैशांचा आहे. हिरा सातशे अंशांच्या आसपास हवेत खराब व्हायला लागतो आणि त्याला धरून ठेवणारा धातूही मऊ पडतो. कोरड्या कटमध्ये ब्लेड लाल होते, दाते सुटतात. ओल्या कटमध्ये तीच ब्लेड कितीतरी जास्त फूट चालते. ठेकेदाराला छातीचं सांगून पटत नसेल तर ब्लेडचं सांगा.

ब्लेड गुळगुळीत झाली, कापेना, की आपण मशीनवर जोर देतो. त्याने धूळ आणि उष्णता दोन्ही वाढतात. कडेचे हिरे झिजलेले असतात आणि धातू त्यांच्याभोवती तसाच राहिलेला असतो, इतकंच. मऊ, रेताड विटेत किंवा वालुकाश्मात दोन-चार कट मारले की धातू घासला जाऊन नवे हिरे वर येतात. हे कटही पाण्यातच मारा, कारण वालुकाश्म जवळजवळ सगळा क्वार्ट्झच असतो.

दगड ओळखा. कडाप्पा, कोटा, शहाबादी हे चुनखडीचे दगड, त्यांत सिलिका कमी. संगमरवरात त्याहून कमी. सह्याद्रीच्या काळ्या पत्थरात मोकळं क्वार्ट्झ फारसं नसतं, आणि बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे कित्येक दगड खरे ग्रॅनाइट नसतात, त्यांतही ते कमी असतं. लाल, गुलाबी, करडा, पांढरा ग्रॅनाइट मात्र जपून. आणि सगळ्यांत जपून तो हल्लीचा कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा. राळेत दगडाची भुकटी घट्ट करून तो बनवतात आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. इस्रायल, स्पेन, कॅलिफोर्निया इथे असे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं काही वर्षांत निकामी झाली, काहींना फुप्फुसं बदलावी लागली. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो शोरूममध्ये उजळ दिव्यांखाली मांडलेला असतो. साइटवर त्याला ब्लेड लावायला मी कोणालाही सांगणार नाही, कितीही मजुरी मिळाली तरी.

रुमाल म्हणजे मास्क नव्हे, ओला केला तरी नाही. एन-95 हा कमीत कमी. नाकाची पट्टी दाबून बसवा, दोन्ही पट्टे लावा. दाढीवर तो बसत नाही, फटीतून सगळं आत जातं. रोजचं काम असेल तर बदलत्या फिल्टरचा रबरी अर्धा मास्क घ्या. पण मास्क शेवटी येतो, पाण्याच्या आणि जागेच्या नंतर.

काम संपल्यावर झाडू मारू नका, कंप्रेसरच्या हवेने अंग झाडू नका. वाळलेला राडा ही पुन्हा धूळच. ओला असतानाच तो खरवडून पोत्यात भरा. कपडे साइटवर बदला. घरी ते झटकतं कोण? बायको किंवा आई. आणि लहान लेकरू बाबा आले म्हणून त्याच कपड्यांना येऊन बिलगतं.

घरमालकांनाही एक विनंती. कोटेशन मागताना ‘सगळे कट कारखान्यात, साइटवरचं काम ओलं’ एवढं लिहून घ्या आणि त्याचे चार पैसे जास्त द्या. राहत्या घरात काम असेल तर ती धूळ तुमच्या मुलांच्या गाद्यांवरही बसते.

कागद सांभाळा. कायद्याच्या यादीत सिलिकोसिस फार पूर्वीपासून नोंद करण्याचा आजार म्हणून आहे, पण साइट बदलत फिरणाऱ्या मिस्त्रीकडे आपण कुठे, कोणाकडे काम केलं याचा पुरावाच नसतो. मलाही जुन्या ठेकेदारांच्या चिठ्ठ्या शोधताना फार जड गेलं. एक वही ठेवा. साइट, ठेकेदार, महिना, कोणता दगड. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला घेऊन महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवा आणि नूतनीकरण चुकवू नका. कामाला लागतानाच छातीचा एक एक्स-रे काढा आणि जपून ठेवा, पुढचा प्रत्येक एक्स-रे त्याच्याशी ताडून पाहता येतो. जिना चढताना बरोबरीच्या माणसापेक्षा लवकर दम लागला, कोरडा खोकला महिनाभर राहिला, तर छातीच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: मी दगड कापतो, इतकी वर्षं, कोरडा.