गृहीतागमा : महिला विद्यापीठ आणि ज्ञानभाषा मराठी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• महिला विद्यापीठाच्या स्थापनेचा इतिहास सांगता येईल;
• ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ या पदवीनामांची घडण स्पष्ट करता येईल;
• ज्ञानभाषा आणि मान्यता यांचा संबंध सोदाहरण मांडता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, भाषेत शास्त्रीय परिभाषा निर्माण झाली की ती ज्ञानभाषा होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परिभाषा आवश्यक असते. परंतु तेवढ्याने भागते काय? प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार आपण एका खाजगी स्त्रीशिक्षणसंस्थेच्या इतिहासाच्या आधारे करणार आहोत.

स्थापना

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगणे येथे नेण्यात आला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले. टोकियो येथे १९०१ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती कर्वे यांच्या वाचनात आली आणि तिच्या प्रेरणेतून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. रा. गो. भांडारकर त्याचे पहिले कुलपती, तर रँग्लर र. पु. परांजपे पहिले कुलगुरू होते. हिंगण्याची महिला पाठशाळा हे त्याचे पहिले महाविद्यालय होय. सरकारी सनद नसलेली ही संस्था लोकांच्या देणग्यांवर चालली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव देण्यात आले.

स्वरूप

या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले, शिक्षणाचे माध्यम विद्यार्थिनीची मातृभाषा हे होते. इंग्रजी हा मात्र आवश्यक विषय होता. दुसरे, भाषा-साहित्याबरोबर गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात स्थान होते. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचे शिक्षण, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला. परक्या भाषेचे ओझे उतरले तर अधिक स्त्रिया उच्च शिक्षणापर्यंत पोहोचतील, अशी कर्वे यांची भूमिका होती.

पदवीनामांची घडण

विद्यापीठाच्या पदव्यांची नावे भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावीत. ‘बॅचलर’ या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ अविवाहित पुरुष असा आहे. ‘स्नातक’ हा शब्द गुरुगृही अध्ययन संपवून स्नान केलेल्या ब्रह्मचाऱ्यासाठी योजला जाई. दोन्ही शब्दांत पदवीधर पुरुषच गृहीत धरलेला दिसतो. महिला विद्यापीठाने ‘गृहीतागमा’ ही पदवी योजली. ‘गृहीत’ म्हणजे ग्रहण केलेला आणि ‘आगम’ म्हणजे शास्त्र, विद्या. जिने विद्या ग्रहण केली आहे ती गृहीतागमा. हा बहुव्रीही समास आहे. त्यापुढील पदवी ‘प्रदेयागमा’, म्हणजे जिची विद्या इतरांस देण्याजोगी आहे अशी. दोन्ही नावांतील अंत्य ‘आ’ स्त्रीलिंगदर्शक आहे. व्यवहारात मात्र ही नावे ‘जी. ए.’ आणि ‘पी. ए.’ अशा आद्याक्षरांनीच अधिक ओळखली गेली.

मान्यतेचा प्रश्न

शब्द अर्थपूर्ण होते, परंतु सरकारदरबारी त्यांना किंमत नव्हती. पदवीस शासनमान्यता नसल्याने सरकारी नोकरी व अन्य विद्यापीठांतील पुढील शिक्षण यांच्या वाटा पदवीधर स्त्रियांसाठी अरुंद राहिल्या. १९४९ च्या कायद्याने विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळण्याची सोय झाली, आणि तो १९५१ मध्ये प्रत्यक्षात आला. दरम्यान पस्तीस वर्षे लोटली होती.

याच काळातील धाराशिवची परिस्थिती तुलनेसाठी उपयुक्त आहे. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले आणि ग्रंथ व परिभाषा सिद्ध करण्यासाठी भाषांतर विभाग चालविला. तेथील पदवीमागे राज्यसत्ता उभी होती. परंतु ती भाषा येथील बहुसंख्य मराठी कुटुंबांच्या घरातील नव्हती. महिला विद्यापीठाजवळ घरची भाषा होती, राज्याचा शिक्का नव्हता. उस्मानियाजवळ शिक्का होता, पण मराठवाड्यातील मराठी विद्यार्थ्याची भाषा नव्हती. ज्ञानभाषेस जवळीक आणि मान्यता ही दोन्ही अंगे लागतात, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

सारांश

महिला विद्यापीठाने स्त्रियांना घरी अभ्यास करून बहिःस्थ परीक्षा देण्याची मुभा दिली. संसार, शेती वा नोकरी सांभाळून आपण करीत असलेला अभ्यास याच परंपरेतील आहे. आपल्या मराठी माध्यमातील पदवीस आज कायद्याची मान्यता आहे. मात्र कार्यालयात, मुलाखतीत व समाजाच्या मनात तिला तेवढेच मोल मिळते काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पदवीधरांच्या भाषाव्यवहारावरही अवलंबून आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘गृहीतागमा’ व ‘स्नातक’ या शब्दांच्या अर्थांची तुलना करा.
२. महिला विद्यापीठ व उस्मानिया विद्यापीठ यांच्या माध्यमधोरणांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एका कार्यालयात मराठीचा वापर कोठे होतो व कोठे टाळला जातो, याची नोंद करून दहा ओळींत निष्कर्ष लिहा.