मागचा ॲक्सल बदलताना ब्रेकचा विचार

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज राहनाळ, दापोडे, मानकोली परिसरातील गोदामांचा माल पिकअपने वाहून नेतात. त्यांच्यापैकी एकाने गेल्या पावसाळ्यात आम्हांस विचारले, "सर, मागचे हाउसिंग वाकले आहे. दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेकचा जुना ॲक्सल स्वस्तात मिळतो आहे. बसवू का?" प्रश्न त्याचा असला तरी रस्त्यावरील इतरांच्याही जिवाशी निगडित आहे, म्हणून हा पाठ.

ड्रममध्ये चाक फिरत असताना एक शू घर्षणानेच ड्रमकडे अधिक ओढला जातो. थोड्या दाबात पुष्कळ पकड मिळते. डिस्कला ही मदत नाही. कॅलिपरचा पिस्टन मोठा ठेवून ती उणीव भरून काढावी लागते आणि मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइल अधिक लागते. जुन्या मास्टर सिलिंडरला ते पुरविता आले नाही, तर पेडल खोल जाते.

याहून गंभीर गोष्ट तोलाची. ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो व मागची चाके हलकी होतात. रिकामी पिकअप तर मागे आधीच हलकी. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम झाली, की ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू फिरते. म्हणूनच अनेक पिकअपमध्ये भारानुसार मागचा दाब कमीअधिक करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. ॲक्सल बदलताना हा दांडा तारेने बांधून ठेवलेला आम्ही स्वतः पाहिला आहे!

हँडब्रेकचेही तसेच. शू ओढणारी केबल साध्या कॅलिपरला जोडता येत नाही; त्यासाठी कॅलिपरमध्येच वेगळी यंत्रणा हवी किंवा डिस्कच्या पोटात छोटा ड्रम. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 96 पायाच्या ब्रेकखेरीज स्वतंत्र पार्किंग ब्रेकही आवश्यक मानतो.

त्या विद्यार्थ्यास आम्ही त्याच मॉडेलचे, ड्रमचेच हाउसिंग कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधावयास सांगितले. गाडी चार दिवस उभी राहिली, फेऱ्या बुडाल्या. तो थोडा नाराजही झाला. हाउसिंग बसल्यावर त्याने दोन्ही बाजूंना नवे लायनर घातले, शू सारखे जुळविले, नळ्यांतील हवा काढली, व्हॉल्व्हचा दांडा मूळ मापाने लावला आणि मोकळ्या मैदानात प्रथम रिकामी, मग भरलेली गाडी थांबवून पाहिली.