लेन्सखालचं पाणी सांभाळ

बेटा, उद्यापासून स्क्लेरल लेन्स तू स्वतःच्या हातानं घालणार. तुझ्या आत्याची उमेदीची सगळी वर्षं लेन्सच्या खोलीत गेली, तेव्हा सांगण्यासारखं बरंच आहे. पण माझ्या वरिष्ठ बाईंनी मला सगळ्यांत आधी जे सांगितलं, तेच तुलाही आधी सांगते: लेन्सखालचं पाणी सांभाळ, बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

यामागचं कारण नीट समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. नेहमीची छोटी कडक लेन्स कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर बसते. ही मोठी असते, बहुतेक वेळा १५ ते १८ मिलिमीटर. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला न शिवता वरून जाते. मधल्या फटीत निर्जंतुक सलाइन असतं. फट जेमतेम दोन-तीन दशांश मिलिमीटरची, पण सगळी करामत तिथंच आहे. केराटोकोनसमुळं तुझा कॉर्निया पातळ होऊन पुढं आलाय आणि वेडावाकडा झालाय. म्हणून चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी अक्षरांना सावल्या दिसतात. पावसात रस्त्यावरचे खड्डे भरले की वरून पृष्ठभाग सपाट दिसतो, तसं हे पाणी कॉर्नियाचे उंचसखल भाग भरून काढतं, आणि प्रकाशाला समोर लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ज्यांचे डोळे कोरडे पडतात, त्यांचा कॉर्निया याच पाण्यात दिवसभर ओला राहतो आणि पापणीच्या घर्षणापासूनही वाचतो.

हे माझ्याच नशिबी का आलं, असं मनात आणू नकोस. आपल्या नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ गावांत डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या चमूनं तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. २००९ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के आलं. अमेरिकेत मिनेसोटातल्या १९८६ च्या पाहणीत ते दोन हजारांत एकाच्या आसपास होतं. दोन्हीकडची मोजायची पद्धत वेगळी. नागपूरच्या पाहणीत ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त बाक असलेला कॉर्निया धरला होता. तेव्हा आकड्याला आकडा लावू नये. पण हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

डोळा चोळायचा नाही

ही पहिली अट. खाज आली की बंद पापणीवर गार पाण्याची घडी ठेव आणि अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळेवर घाल. चोळण्यानं आधीच पातळ झालेला कॉर्निया आणखी ताणला जातो. लेन्स दृष्टी देते, आजार थांबवत नाही. थांबवण्यासाठी सीथ्रीआर असतं: रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाचे धागे घट्ट करतात. म्हणून लेन्सनं छान दिसायला लागलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, करायचीच. तुझ्या वयात आजार वाढायची भीती जास्त असते.

पक्की लेन्स मागवण्याआधी बसून राहा

चाचणीची लेन्स घातल्यावर पाच मिनिटांत ‘छान आहे’ म्हणून घरी निघू नकोस. काही तासांत ती हळूहळू खाली बसते आणि फट साधारण एक दशांश मिलिमीटरनं कमी होते. सकाळी ठीक वाटणारी लेन्स दुपारी कॉर्नियाला टेकू शकते. म्हणून तीन-चार तासांनी पुन्हा स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघायला सांग. लेन्सच्या कडेखाली पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या दबून फिक्या पडल्या असतील तर कड बदलून घ्यावी लागते. शेवटी लेन्सचा व्यास, वक्रता, खोली आणि नंबर एका कागदावर लिहून घे, त्याचा फोटो काढ आणि घरच्यांना पाठव. लेन्स परगावी फुटली तर हाच कागद कामी येतो.

हात

बिनसुगंधी, बिनक्रीमच्या साबणानं हात धू आणि तंतू न सुटणाऱ्या कापडानं पूर्ण कोरडे कर. सावजी मसाला कुटला असेल, मिरची चिरली असेल, बाम लावला असेल किंवा नुकतंच संत्र सोललं असेल, तर एकदा धुऊन भागत नाही. तिखट आणि सालीतलं तेल नखांच्या कडेला राहतंच. अशा कामांच्या आधीच लेन्स घालून टाक. काजळ, क्रीम, पावडर सगळं लेन्सनंतर. रात्री आधी लेन्स काढायची, मग चेहरा धुवायचा.

कोणतं पाणी

नळाचं नाही, बोअरचं नाही, आरओचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. पिण्याचं पाणी स्वच्छ असेल, पण निर्जंतुक नसतं. अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव पाण्यातून लेन्सवर येतो आणि त्याची कॉर्नियावरची जखम महिनोन् महिने छळते. थुंकी तर विचारातही आणू नकोस. भरायला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ०.९ टक्के सलाइन लागतं, एकदाच वापरायच्या छोट्या कुपीतलं. स्वस्त पडते म्हणून लोक शिरेतून द्यायच्या सलाइनची मोठी बाटली आणतात आणि टोचून आठवडाभर वापरतात. उघडल्यावर तिच्यात जंतू वाढतात. लेन्सखालचं पाणी दिवसभरात फारसं बदलत नाही, म्हणून आत गेलेला जंतू किंवा औषधातलं प्रिझर्व्हेटिव्ह तासन् तास कॉर्नियाला लागून राहतं. कुपी उघडली, भरली, उरलेलं फेकलं.

भरणं आणि घालणं

टेबलावर स्वच्छ रुमाल अंथर, त्यावर आरसा आडवा ठेव. लेन्स प्लंजरवर, म्हणजे लेन्स धरायच्या रबरी चूषकावर, किंवा तीन बोटांच्या तिवईवर ठेवून सलाइन भर. काठापर्यंत भरून थांबू नकोस. काठाच्या वर पाण्याचा फुगवटा दिसला पाहिजे. आता हनुवटी छातीला लाव, चेहरा जमिनीला समांतर होऊ दे. एका हातानं दोन्ही पापण्या हाडाशी दाबून धर आणि लेन्स सरळ वर आण. आधी पाण्याचा गार स्पर्श होईल. बहुतेक जण इथंच दचकून मान वर करतात आणि पाणी सांडतं. तू तशीच राहा, आणखी किंचित वर ने, पापण्या सोड, मग प्लंजर काढ.

लगेच आरशात बघ. आत चांदीसारखा चमकणारा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. बुडबुड्याखालचा कॉर्निया कोरडा पडतो आणि दिसतंही धूसर. ‘निघून जाईल’ म्हणू नकोस, तो जात नाही. काढ, पुन्हा भर, पुन्हा घाल. पहिल्या आठवड्यात हे वारंवार होतं, सगळ्यांचंच होतं. म्हणून कॉलेजला निघायच्या तासभर आधी बस.

काढणं

आधी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले एक-दोन थेंब घाल. छोटा प्लंजर ओला कर आणि लेन्सच्या खालच्या कडेजवळ चिकटव, मधोमध कधीच नाही. मध्ये लावून ओढलं की पोकळीचा सगळा ताण थेट कॉर्नियावर येतो. ज्यांचं कॉर्निया प्रत्यारोपण झालंय त्यांच्यासाठी तर ते फारच धोक्याचं. कड बाहेर आणि वर उचल, लेन्स सुटते. अडली तर खालच्या पापणीवरून कडेजवळच्या पांढऱ्या भागावर बोटानं हलकं दाब, आत हवा शिरते आणि पकड सैल होते.

लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. कारण आहे ऑक्सिजन. आडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या अशा लेन्सवर निबंध लिहिला. आत द्राक्षशर्करेचं द्रावण भरत. पण काचेतून ऑक्सिजन जात नाही, म्हणून काही तासांतच डोळा कंटाळायचा. आजच्या कडक प्लास्टिकमधून ऑक्सिजन जातो, १९८३ पासून अशा स्क्लेरल लेन्स निघाल्या, आणि म्हणून दिवसभर घालता येतात. पण मिटलेल्या पापणीखाली तो पुरेसा पोचत नाही.

रात्री लेन्स तिच्या द्रावणानं चोळून धू आणि ताज्या द्रावणात ठेव. कालचं वाढवून वापरायचं नाही. पेरॉक्साइडचं द्रावण दिलं असेल तर त्याच्याच खास डबीत पूर्ण सहा तास ठेव. त्याआधी ती लेन्स डोळ्यात गेली तर जबर झोंबते.

दुपारचं धुकं

तीन-चार तासांनी दूध सांडल्यासारखं दिसायला लागलं तर घाबरू नकोस. आतल्या पाण्यात अश्रूंमधला स्निग्ध कचरा साचतो. लेन्स काढ, धू, ताजं सलाइन भर, परत घाल. पर्समध्ये दोन कुप्या, प्लंजर आणि रिकामी डबी कायम असू दे. रोजच असं होत असेल तर कडेची बसवण सैल असू शकते, दाखवून घे.

आपला उन्हाळा, आपला प्रवास

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा कूलरच्या झोतासमोर बसायचं नाही. झोत भिंतीकडे वळव. गाडीवर हेल्मेटची काच खाली, चेहऱ्याला दुपट्टा. लेन्सची डबी आणि कुप्या गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, भट्टी होते तिची. होळीला आणि पोहायला लेन्स घरी.

आपल्याकडची बरीच मंडळी या लेन्ससाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत किंवा चेन्नईच्या शंकर नेत्रालयात जातात. रात्रीची गाडी असेल तर घरूनच लेन्स काढून निघ. डब्यातल्या बेसिनवर, हलत्या गाडीत हे काम करायचं नाही.

कोरड्या डोळ्यांसाठी वेगळं

शोग्रेनसारख्या आजारानं किंवा स्टीव्हन्स-जॉन्सनच्या औषधी प्रतिक्रियेनं डोळे कोरडे झालेलं कुणी तुला भेटलं तर त्यांनाही सांग: लेन्स आली म्हणून थेंब आणि मूळ आजाराचं औषध बंद होत नाही. आणि सल्फा असो की फिटची गोळी, ज्या औषधानं प्रतिक्रिया आली त्याचं नाव पाकिटात लिहून ठेवायचं आणि प्रत्येक डॉक्टरला आधी दाखवायचं.

कधी थांबायचं नाही

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, अचानक धूसर झालं किंवा कॉर्नियावर पांढरा डाग दिसतोय, यातलं एक जरी असलं तरी लेन्स काढ आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मेडिकलच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नकोस. जंतुसंसर्ग असेल तर त्यानं तो बळावतो. लेन्स मात्र डबीसकट सोबत ने.

लेन्स महाग आहे, फुटते, हरवते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. तरी तिचं मोल पैशांपलीकडचं आहे. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या डॉक्टरांनी २०१८ साली दाखवलं की फार पुढं गेलेल्या केराटोकोनसमध्येही, ज्यांना एरवी प्रत्यारोपणच सांगितलं असतं, अशा बऱ्याच डोळ्यांचं स्क्लेरल लेन्सवर निभावलं. दान मिळालेला कॉर्निया ज्याला दुसरा उपायच नाही त्याच्यासाठी उरतो, हाही त्यातला लाभ.

शेवटचं एक, आणि ते याच आठवड्यात कर. आईला किंवा भावाला लेन्स काढायला शिकव, त्यांच्या हातून काढून बघ. तुला ताप चढला, हाताला प्लास्टर बसलं किंवा तू शुद्धीवर नसलीस, तर रात्री तुझ्या डोळ्यातून लेन्स काढणारं घरात कुणीतरी हवंच. प्लंजर कुठं ठेवलाय तेही त्यांना दाखवून ठेव.