घरात कोंडलेले शरीर आणि खचलेले मन

ताप आला, खोकला झाला तर आपण डॉक्टरांकडे जातो. पण झोप उडाली, चिडचिड वाढली, कशातच राम वाटेनासा झाला, तर "मनाला लावून घेऊ नकोस" एवढे बोलून आपण विषय संपवतो. शरीराचा दवाखाना वेगळा आणि मनाचा वेगळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ही दोन्ही एकाच घरातली माणसे आहेत. एक आजारी पडले की दुसऱ्याला त्याची झळ लागतेच. करोनाच्या साथीने ही गोष्ट आपल्या सर्वांना अनुभवाने शिकवली. साथ ओसरली तरी हा धडा विसरण्यासारखा नाही, म्हणून आज त्याची उजळणी करू.

त्या काळात काय घडले?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी करोनाला महासाथ म्हटले. त्याच्या दोनच दिवस आधी, ९ मार्चला, पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रोगाचा फैलाव रोखण्यासाठी ती करण्यात आली. परंतु तिच्यामुळे आपले रोजचे चालणेफिरणे एका रात्रीत थांबले. सकाळी फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ, शाळेला चालत जाणारी मुले, बाजारहाट करणाऱ्या गृहिणी, एस.टी. पकडण्यासाठी धावपळ करणारे नोकरदार, सगळे चार भिंतींत अडकले. जूनच्या सुरुवातीला राज्यात मोकळ्या जागी चालण्याधावण्यास परवानगी मिळाली. व्यायामशाळा मात्र २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा कडक निर्बंध आले.

या काळात मनावर काय परिणाम झाला? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. तरुणांना आणि स्त्रियांना त्याचा फटका अधिक बसला. आजाराची भीती, पैशाची ओढाताण, एकटेपणा, जवळच्या माणसाचा मृत्यू ही त्याची मोठी कारणे होतीच. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते, ते म्हणजे हालचालीविना गेलेले दिवस.

५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. तरीही त्या दिवसांत सुटलेली फिरण्याची सवय कित्येकांना परत लागलेली नाही. आपल्या घरात असे कोणी आहे का, हे वाचकांनी जरूर पाहावे.

शरीर थांबले की मन का खचते?

याची कारणे समजून घेतली तर उपाय सोपा होतो.

पहिले कारण झोपेचे. दिवसा शरीर दमले आणि डोळ्यांना सकाळचा उजेड मिळाला, की रात्री वेळेवर झोप येते. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि सकाळचा उजेड त्याला रोज चावी देतो. दिवसभर घरात बसून राहिले की हे घड्याळ मागे पडते, झोप लांबते आणि अपुऱ्या झोपेने मन चिडके होते.

दुसरे कारण ताणाचे. भीती वाटली की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. हृदयाची धडधड वाढते, स्नायू आवळले जातात, रक्तातील साखर वाढते. वाघ मागे लागला असता तर ही तयारी कामी आली असती. पण दूरचित्रवाणीवरील मृत्यूंचे आकडे पाहत खुर्चीत बसलेल्या माणसाला ती वापरायला जागाच मिळत नाही. स्नायू हालले की हा आवळलेला ताण सैल होतो.

तिसरे कारण मेंदूतील रसायनांचे. व्यायामाच्या वेळी शरीरात अशी काही द्रव्ये तयार होतात की ज्यांमुळे वेदना कमी जाणवते आणि मनाला हुशारी येते. मेंदूतील पेशींच्या वाढीला मदत करणारी द्रव्येही व्यायामाने वाढतात.

चौथे कारण अगदी साधे आहे. रिकाम्या बसलेल्या माणसाच्या डोक्यात तोच तोच विचार घिरट्या घालत राहतो. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. दहा बैठका मोजताना मनाला निदान तेवढा वेळ दुसरे काम मिळते. शिवाय ठरवलेली एक गोष्ट आपल्या हातून पार पडली, हे समाधान मिळते. सगळेच हाताबाहेर गेल्यासारखे वाटते त्या दिवसांत या समाधानाची किंमत फार असते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याचा आजार असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या १५६ स्त्रीपुरुषांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला औषध आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. औषधाच्या गटात सुधारणा लवकर दिसली. पण १६ आठवड्यांनी पाहिले तेव्हा तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. याचा अर्थ औषधे फेकून द्यावीत असा मुळीच नव्हे. चालू असलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. पण व्यायाम हा मनाच्या आजारातही खरा उपचार आहे, हे यातून दिसते.

दुसरा अभ्यास २०२१ मधला, करोनाचाच. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात ४८,४४० रुग्णांची पाहणी झाली. आजारापूर्वी नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सतत बैठे जीवन जगणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची आणि मृत्यूची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. या फरकामागे इतरही कारणे असू शकतात, म्हणून व्यायाम म्हणजे लस नव्हे. तरीही चालते शरीर आजाराशी अधिक नेटाने झुंजते, असे मानण्यास यातून आधार मिळतो.

आणि अंथरुणावर पडून राहण्याचा परिणाम? सुमारे ६५ ते ७० वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिले असता त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले. दहा दिवसांत एवढे, तर महिनोन्महिने घरात बसलेल्या आजोबांचे काय होत असेल याची कल्पना करावी. पाय कमजोर झाले की पडण्याची भीती वाटते, भीतीने चालणे आणखी कमी होते आणि माणूस खोलीपुरता उरतो. मग मनही खोलीपुरतेच उरते.

घरकाम म्हणजे व्यायाम का?

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" असे अनेक भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. धुणे, केर, फरशी यांनी शरीराला हालचाल नक्कीच मिळते आणि ती वाया जात नाही. मात्र मनाचा विचार केला तर थोडा फरक आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले, की स्वतःच्या इच्छेने, फुरसतीच्या वेळी केलेल्या हालचालीचा संबंध मनाच्या स्वास्थ्याशी जोडलेला आढळतो. पोटासाठी करावे लागणाऱ्या कष्टांबाबत तसे दिसत नाही. टाळेबंदीत सगळी माणसे घरात आणि कामवाल्या बाई सुटीवर, अशा स्थितीत गृहिणींचे कष्ट वाढले, पण स्वतःची म्हणावी अशी अर्ध्या तासाची वेळ मात्र गेली.

म्हणून घरातील इतरांना विनंती, की आईला, पत्नीला, सुनेला फक्त "तूही व्यायाम कर" असा उपदेश करू नका. अर्धा तास तिची कामे आपल्या अंगावर घ्या आणि तिला तो वेळ मोकळा द्या.

किती आणि कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज किमान अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही सोपी खूण. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम हवेत. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. अजिबात न करण्यापेक्षा थोडेही चांगले.

घराबाहेर पडता येत नसेल, तर एका खोलीत, गच्चीवर किंवा ओट्यावर करता येईल असा अर्ध्या तासाचा क्रम पुढे देत आहे.

१) पहिली ५ मिनिटे : मान, खांदे, कंबर, घोटे हळूहळू फिरवून अंग मोकळे करावे.

२) पुढील १० मिनिटे : जागच्या जागी गुडघे उचलून चालावे किंवा घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. जिना चढउतार करता आल्यास उत्तम.

३) पुढील १० मिनिटे : खुर्चीवर बसून हाताचा आधार न घेता उठणे १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १० वेळा, टाचा उचलून उभे राहणे १० वेळा. थोडे थांबून हेच पुन्हा करावे. ज्यांना सवय आहे त्यांनी याऐवजी सूर्यनमस्कार घालावेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले. ना साधने लागतात, ना मैदान, ही त्यांची मोठी सोय आहे.

४) शेवटची ५ मिनिटे : संथ, खोल श्वास आणि शवासन. श्वास रोखून धरू नये.

सुरुवात दहा मिनिटांपासून केली तरी चालेल. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळची, खिडकीतून उजेड येईल अशा जागी. मुलांसाठी दोरीवरच्या उड्या, लंगडी, फुगडी हे खेळ घरातही होतात. वृद्धांनी टेबल किंवा भिंतीजवळ उभे राहून तोल सांभाळण्याचा सराव करावा आणि सोबत कोणीतरी असावे.

ही काळजी घ्या

• ताप, अंगदुखी, थकवा असताना व्यायाम करू नये. विश्रांती हेच औषध. बरे झाल्यावर एकदम जुन्या गतीने सुरू न करता थोडे थोडे वाढवावे.

• करोनासारख्या आजारानंतर काहींना थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी फार गळून गेल्यासारखे होते. त्यांनी जबरदस्तीने व्यायाम वाढवू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• छातीत दुखणे, चक्कर, विलक्षण धाप किंवा धडधड झाल्यास लगेच थांबावे आणि तपासून घ्यावे.

• हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारून व्यायाम ठरवावा.

दुःखाचे काय?

साथीत ज्यांच्या घरातील माणूस गेले, त्यांना शेवटचे दर्शनही नीट मिळाले नाही. सांत्वनाला येणारी माणसे येऊ शकली नाहीत. असे दुःख मनात गोठून राहते. व्यायामाने ते नाहीसे होईल असे कोणी सांगू नये. पण एक गोष्ट अनेकांच्या अनुभवाची आहे. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी चालताना बोलता येते. नजरेला नजर द्यावी लागत नाही, गप्प राहिले तरी अवघड वाटत नाही. अशा माणसाला "बाहेर पड" असे सांगण्यापेक्षा त्याच्या दारात जाऊन "चला, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" असे म्हणावे. त्याने एकदा नाही म्हटले, तर दोन दिवसांनी पुन्हा जावे.

डॉक्टरांची गरज केव्हा?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. अशा माणसाला व्यायामाचा आग्रह करून भागत नाही, कारण अंथरुणातून उठण्याचीच शक्ती आजाराने नेलेली असते. त्याला आळशी म्हणू नये. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जीव देण्याचे विचार येत असतील तर क्षणाचाही विलंब करू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरात दर्शनी जागी लिहून ठेवावा.

साथ पुन्हा कधी येईल हे कोणाच्या हाती नाही. पण घरकोंडी केवळ साथीतच होते असे नाही. पावसाळ्याची झड, मोडलेला पाय, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, निवृत्तीनंतरचे दिवस, अशा अनेक निमित्तांनी ती आपल्या वाट्याला येते. त्या वेळी खोलीतल्या खोलीत दहा मिनिटे कशी हालचाल करावी हे अंगवळणी पडलेले असावे. आजच संध्याकाळी सुरुवात करा, आणि घरात बसून राहिलेल्या एका तरी माणसाला सोबत घ्या.