न कापता गाठीची जात कळते का?

प्रश्न : मी चाकण एमआयडीसीत ॲल्युमिनियम कास्टिंगच्या क्वालिटी विभागात आहे. कास्टिंग न कापता आतलं ब्लो होल आम्ही सीटीवर बघतो. माझ्या थोरल्या भावाच्या किडनीत सोनोग्राफीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टरांनी 'ट्रायफेजिक सीटी' लिहून दिलाय. कॅन्सर असलाच तर तो कुठल्या प्रकारचा, हे यात कळेल का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : बरंचसं कळेल, पण अगदी खात्रीने सांगता येईलच असं नाही. तुमचं कास्टिंग आज बघा की महिन्याने, चित्र तेच. किडनीचं तसं नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो, आणि गाठीची जात ओळखायची ती हे रक्त तिच्यात कधी शिरतं आणि कधी ओसरतं यावरून.

म्हणून भावाचा सीटी एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा काढतील. पहिला औषधाविना. मग हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट जोरात सोडतात. अंगभर गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका म्हणावं, हे बहुतेकांना होतं. साधारण ३० ते ४० सेकंदांनी दुसरा स्कॅन, दीड मिनिटाच्या सुमारास तिसरा. काही ठिकाणी काही मिनिटांनी आणखी एक.

प्रत्येक वेळी गाठीची घनता आकड्यात मोजतात. या आकड्याचं एकक गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या नावाचं. ते मुळात इंजिनिअर, सीटीसाठी त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. पाणी शून्य, हवा उणे १०००. गाठीत उणे आकडा देणारी चरबी दिसली, तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा, म्हणजे साधी गाठ. कॉन्ट्रास्टनंतर आकडा २० किंवा अधिक चढला, तर गाठीत रक्तपुरवठा आहे, नुसती पाण्याची सिस्ट नाही.

खरी गंमत दुसऱ्या स्कॅनची. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'रेडिओलॉजी' नियतकालिकात मांडलेले सरासरी आकडे बघा : क्लिअर सेल कॅन्सर सुमारे १२५, क्रोमोफोब ७४, पॅपिलरी ५४. क्लिअर सेलमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून तो झटकन उजळतो आणि पुढच्या स्कॅनमध्ये बराचसा ओसरतो. पॅपिलरी मंद, थोडाच उजळतो. किडनीच्या कॅन्सरपैकी सुमारे पाऊण क्लिअर सेल जातीचे असतात, त्यामुळे ही खूण फार कामाची.

अडचण ऑन्कोसायटोमाची. ही कॅन्सर नसलेली गाठ, पण त्याच अभ्यासात तिचा आकडा १०६. सरासरीतच एवढी जवळीक, मग एकेका रोग्यात सरमिसळ होणारच. मधोमध ताऱ्यासारखा व्रण दिसला तर ऑन्कोसायटोमाचा संशय बळावतो, पण तसा व्रण कधी कधी कॅन्सरमध्येही दिसतो. केवळ या गोंधळापायी साध्या गाठींवरही शस्त्रक्रिया होतात. मला हे फार खटकतं.

ड्युअल एनर्जी सीटीत दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून गाठीत शिरलेलं आयोडीन वेगळं मोजता येतं. लहान सिस्टमधला खोटा चढ ओळखायला त्याचा चांगला उपयोग होतो. तरी जात पक्की ठरते ती बायोप्सीत किंवा काढलेल्या गाठीच्या तपासणीत, सूक्ष्मदर्शकाखाली. तिथेही शंका राहिली तर ब्लॉक आणि स्लाइड घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला लोक जातातच.

एवढी उठाठेव कशाला? कारण रोग पसरला असेल, तर औषधं बऱ्याच अंशी जात बघून निवडतात. आणि गाठ भावासारखी चार सेंटिमीटरच्या आतली असेल, तर बऱ्याचदा पूर्ण किडनी न काढता तेवढाच भाग काढता येतो. वय झालेल्या किंवा इतर आजार असलेल्या माणसात नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी यूरोसर्जनला थेट विचारा : कुठल्या जातीचा संशय आहे, बायोप्सीने निर्णय बदलेल का, किडनी वाचेल का.

सीटीला जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल, तर आधीच सांगा. पिंपरीच्या वायसीएममध्ये, किंवा कुठेही, पोटाचा जुना सीटी काढला असेल तर त्याची सीडी शोधा. गाठ किती वर्षांत किती वाढली हे रेडिओलॉजिस्टला त्यातून कळतं.

आणखी एक. भावाने कधी प्लेटिंग किंवा मशीन शॉपमध्ये ट्रायक्लोरोएथिलीनने पार्ट धुण्याचं, डिग्रीसिंगचं काम केलं आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हे रसायन माणसात किडनीचा कॅन्सर करणारं ठरवलं. केलं असेल तर किती वर्षं आणि कसं, हे डॉक्टरांच्या केसपेपरवर लिहून घ्या, आणि तुमच्या शॉपमध्ये ते आजही वापरात असेल तर सेफ्टी ऑफिसरकडे लेखी विचारणा करा.